आपल्या वापराला बसणारा मोबाइल पॅक कसा निवडायचा

मोबाइलच्या दुकानात 'कोणता मारू?' असं विचारलं की बहुतेक जण 'नेहमीचा' म्हणून मोकळे होतात. नेहमीचा पॅक कधीतरी तीन-चार वर्षांपूर्वी ठरलेला असतो. तेव्हा घरात वायफाय नव्हतं, मुलगी कॉलेजला नव्हती, वडिलांचा बटणाचा फोन चालू होता. वापर बदलला, दर बदलले, पॅक मात्र तोच राहिला. भारतात परदेशासारखा दोन-दोन वर्षांचा करार सहसा नसतो. प्रीपेड ग्राहकाला दर रिचार्जला नव्याने निवडायची मुभा असते, आणि ती वापरायची तर जाहिरातीतले जीबी बाजूला ठेवून आधी स्वतःच्या वापराची मोजदाद करावी लागते.

आधी स्वतःचा वापर मोजा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शनच्या भागात 'डेटा युसेज' असतं. तिथे महिन्याचा एकूण आकडा दिसतोच, शिवाय कोणत्या ॲपने किती डेटा घेतला तेही दिसतं. आकडा मोबाइल डेटाचा आहे, वायफायचा नाही, याची खात्री करा. दोन सिम असतील तर दोन्हींचे आकडे वेगळे पाहा. आयफोनमध्ये एक घोटाळा हमखास होतो. तिथला 'करंट पीरियड'चा आकडा महिना संपला तरी आपोआप शून्यावर येत नाही, फोन घेतल्यापासूनचा साठत जातो. म्हणून मोजायच्या पहिल्या दिवशी त्याच पानाच्या तळाशी जाऊन 'रीसेट स्टॅटिस्टिक्स' दाबायचं आणि बरोबर अठ्ठावीस दिवसांनी पाहायचं.

महिन्याचा आकडा दिवसांनी भागून थांबू नका. कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा वापरही दिसतो, तो दोन आठवड्यांचा चाळा. समजा सोमवार ते शनिवार ०.७ ते ०.९ जीबी आणि रविवारी २.५ जीबी, तर सरासरी १ जीबीच्या थोडी वर जाते. पण या माणसाला रोज अडीच जीबीच्या पॅकची गरज नाही. त्याचा साधा दिवस १ जीबीच्या आत आहे, त्याला रोज दीड जीबीचा पॅक पुरतो, आणि जास्तीचे चार रविवार एक-एक जीबीच्या छोट्या नेटपॅकने भागतात. असा छोटा पॅक साधारण २० रुपयांच्या आसपास मिळतो. पॅक घ्यायचा तो साध्या दिवसासाठी, सणावाराचं नेट वरून टाकायचं. महिन्यात असे दिवस सात-आठाहून जास्त येत असतील तरच वरच्या पॅकचा विचार करा.

कशाला किती नेट लागतं याचा ढोबळ अंदाज असा: ४८०पी दर्जाचा व्हिडिओ तासाला सुमारे अर्धा ते पाऊण जीबी खातो, ७२०पी एक ते दीड जीबी, आणि १०८०पी दीड ते तीन जीबी. १२८ केबीपीएस दर्जाचं गाणं तासाला साठेक एमबीत होतं, व्हॉट्सॲपचा आवाजी कॉल त्याहून कमी घेतो. रील्स वरवर छोट्या दिसतात, पण पुढच्या तीन-चार आधीच उतरवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे न पाहिलेल्याही मोजल्या जातात.

सकाळी नऊलाच 'आजचा ५० टक्के डेटा संपला' असा संदेश येत असेल तर पॅक लहान आहे असं लगेच समजू नका. फोटोंचा बॅकअप मोबाइल डेटावर सुरू असणं, प्ले स्टोअरची अपडेट रात्रीतून उतरणं, व्हॉट्सॲपच्या गटांतले व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं, ही नेहमीची तीन कारणं. तिन्ही ठिकाणी 'फक्त वायफायवर' हा पर्याय आहे. फोनच्या हॉटस्पॉटवर विंडोजचा लॅपटॉप जोडत असाल तर त्या कनेक्शनला 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचं, असं करून ठेवा, नाहीतर विंडोजचं एकच अपडेट दिवसाचा कोटा गिळतं.

रोजचा कोटा संपल्यावर बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला फक्त ८ किलोबाइट. एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. साधा लिखित संदेश जातो, पण नकाशा, व्हिडिओ आणि बहुतेक बँक ॲप अडकतात. 'अनलिमिटेड' शब्दाचा एवढाच अर्थ तिथे उरतो.

रेंज पाहिल्याशिवाय किंमत पाहू नका

ज्या कंपनीची रेंज तुमच्या झोपायच्या खोलीत, कामाच्या जागी आणि गावच्या घरी येत नाही, तिचा स्वस्त पॅक महागच पडतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या नियमांमुळे २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे ठेवावे लागतात. २जी, ४जी, ५जी वेगवेगळं पाहता येतं. पण नकाशा रस्त्यावरची रेंज दाखवतो, घरातली नाही. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंती किंवा शहरातल्या इमारतीचा तळमजला यांच्या आत काय होतं ते नकाशाला कळत नाही.

म्हणून शेजाऱ्याचा किंवा पाहुण्याचा त्या कंपनीचा फोन घेऊन प्रत्यक्ष पाहा. वेळ रात्री आठ ते दहाची निवडा, कारण तेव्हा टॉवरवर गर्दी असते आणि दुपारी धावणारं नेट तेव्हा अडखळतं. अँड्रॉइडमध्ये 'अबाउट फोन'मधल्या सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. ४जीवर उणे ९० किंवा त्याहून वर, म्हणजे उणे ८०कडे, असेल तर छान. उणे १०५पर्यंत चालतं. उणे ११५च्या खाली कॉल तुटायला लागतात आणि बॅटरीही लवकर उतरते, कारण फोन टॉवर धरून ठेवायला जास्त ताकद लावतो. फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो.

घरात वायफाय आहे पण रेंज नाही, असं असेल तर कंपनी बदलण्याआधी फोनमधलं 'वायफाय कॉलिंग' चालू करून पाहा. फोन आणि कंपनी दोन्हींनी ते दिलेलं असलं की साधा कॉल वायफायवरून लागतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

जुना बटणाचा फोन असेल तर जास्त काळजी घ्या. जिओचं जाळं ४जी आणि ५जीचंच आहे, २जी तिथे नाही. २जीवर चालणाऱ्या साध्या फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर रेंजच दिसणार नाही. त्याला ४जी व्होल्टीचा, म्हणजे ४जीवरूनच कॉल लावणारा, फोन हवा. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचं २जी चालू आहे.

५जीबद्दलही थोडं. जुलै २०२४च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद ५जी सरसकट न देता साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवर ठेवलं. तुमच्या भागात ५जी पक्कं येत असेल, फोन ५जीचा असेल आणि वापर दांडगा असेल तर २ जीबीचा पॅक घेण्यात खरा फायदा आहे, कारण ५जीवर असताना तो कोटा कापला जात नाही. पण गाडी घाटात शिरली, फोन ४जीवर उतरला, की मोजणी सुरू. ज्याच्या गावात ५जी यायचं आहे त्याने त्यासाठी आत्तापासून पैसे भरू नयेत.

दिवसाचा दर काढा

छापील किंमत फसवते. किमतीला व्हॅलिडिटीच्या दिवसांनी भागायचं, एवढं एकच गणित. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा पॅक २८ दिवसांना २९९ रुपये आणि ८४ दिवसांना ७९९ रुपये असा होता. पहिला दिवसाला १० रुपये ६८ पैसे, दुसरा ९ रुपये ५१ पैसे. वर्षाच्या हिशोबात हा फरक सव्वाचारशे रुपयांचा. दर पुन्हा बदलतील, भागाकार मात्र तोच राहील.

२८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. वर्षात तेरा रिचार्ज होतात, बारा नाहीत. शिवाय तारीख दर वेळी मागे सरकते, आणि पगार १ तारखेला असणाऱ्याला ते नेमकं २६-२७ तारखेला गाठतं. यावर उपाय आहे. जानेवारी २०२२च्या ट्रायच्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने भरता येणारा ठेवावाच लागतो. ३१ तारखेला भरला आणि पुढच्या महिन्यात ३१ नसली तर त्या महिन्याची शेवटची तारीख धरतात. दुकानदार हे पॅक स्वतःहून सहसा सांगत नाहीत, नाव घेऊन मागावे लागतात.

वर्षाचा पॅक घेताना दोन गोष्टी पाहा. तो खरोखर ३६५ दिवसांचा आहे का, आणि वर्षभर तुम्ही त्याच कंपनीत राहणार आहात का. मधेच नंबर पोर्ट केला, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलली, तर उरलेले दिवस आणि शिल्लक दोन्ही बुडतात. नवी नोकरी, बदली किंवा घर बदलणं डोळ्यासमोर असेल तर ८४ दिवसांच्या पुढे जाऊ नका.

फक्त बोलायचं असेल तर

घरातले वडीलधारे, शेतावरचा दुसरा फोन, केवळ बँकेच्या ओटीपीसाठी जपलेलं सिम, यांच्यासाठी नेटचे पैसे कशाला भरायचे? ही तक्रार रास्त होती. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने नियमात बदल करून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा खास पॅकची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत न्यायची मोकळीक दिली. जानेवारी २०२५मध्ये हे पॅक आले. एअरटेलने ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १८४९ रुपये ठेवले. जिओने ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १७४८.

इथे भागाकार करून पाहाच. १७४८ हा आकडा १८४९हून लहान दिसतो, पण दिवसाला ५ रुपये २० पैसे पडतात. १८४९चा दिवसाला ५ रुपये ७ पैसे. कमी किमतीचा पॅक दिवसाच्या हिशोबात महाग निघतो, कारण तो २९ दिवस आधी संपतो. ८४ दिवसांच्या पॅकमध्ये मात्र दिवस सारखेच, म्हणून तिथे कमी किमतीचाच स्वस्त.

आता फक्त बोलणारा माणूस १९९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक भरत असेल, तर तेरा वेळा २५८७ रुपये होतात. वर्षाच्या कॉल-पॅकच्या तुलनेत ७३८ रुपये जास्त. पण फोन स्मार्ट असेल आणि आजी रात्री नातवाशी व्हिडिओवर बोलत असतील, घरात वायफाय नसेल, तर नुसता कॉल-पॅक घेऊन त्यांची अडचण करू नका. मग पूर्ण मुदतीला मिळून २-६ जीबी देणारे पॅक बरे. रोजच्या कोट्याचं उरलेलं नेट मध्यरात्री जातं, या पॅकमधलं मुदतभर टिकतं. दिवसभर वायफायवर असणाऱ्या नोकरदारालाही हेच बसतात.

एसएमएसकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. यूपीआयचं ॲप नव्या फोनवर सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो. पॅकमध्ये एसएमएस नसतील आणि मुख्य शिल्लक शून्य असेल, तर 'पडताळणी झाली नाही' एवढंच ॲप सांगतं आणि माणूस बँकेला दोष देत बसतो. असा एसएमएस कधीकधी पॅकमधून न जाता मुख्य शिल्लकीतून जातो. म्हणून दहा रुपयांचा टॉपअप टाकून ठेवावा, त्यात ७ रुपये ४७ पैसे मिळतात.

पोस्टपेड कुणी घ्यावं

प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या भाड्यावर तो वेगळा लागतो. ४४९ रुपये लिहिलेल्या प्लॅनवर १८ टक्के लावले की बिल ५३० रुपयांच्या घरात जातं. तुलना या आकड्याशी करा. पहिलं बिल अनेकदा जास्त येतं, कारण त्यात मधल्या अर्धवट दिवसांचं भाडं मिळवलेलं असतं. ती चूक नसते, पण विचारून घ्यावं.

पोस्टपेडचा खरा फायदा दोन प्रकारच्या घरांना होतो. एक, जिथे तीन-चार सिम एका बिलात येतात आणि नेट सगळ्यांत वाटलं जातं. मुलगा जास्त वापरतो, आई कमी, आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याला मिळतं. एकूण बिल सिमच्या संख्येने भागा आणि तेवढ्याच वापराच्या प्रीपेडशी ताडून पाहा. दोन, ज्यांचा वापर महिन्यामहिन्याला फार हेलकावे खातो, कारण अनेक प्लॅनमध्ये रोजचा कोटा नसतो आणि उरलेलं नेट पुढच्या महिन्यात जातं. किती जीबीपर्यंत पुढे जातं, मर्यादा ओलांडली तर प्रत्येक जीबीला किती लागतात, आणि क्रेडिट लिमिट किती, हे तीन आकडे लेखी घ्या. थकलेलं बिल क्रेडिट अहवालातही दिसू शकतं, म्हणून सिम नुसतं काढून ठेवू नका, रीतसर बंद करा.

सोबत मिळणाऱ्या ओटीटी वर्गणीची किंमत पॅकच्या किमतीत धरू नका, ती तुम्ही एरवी विकत घेतली असतीत तरच धरा. आणि तिची मुदत पॅकच्या मुदतीइतकी आहे का तेही तपासा.

मुलांकडे परदेशी दोन-चार महिने जाणाऱ्यांनी भारतातला नंबर जिवंत ठेवावा, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. रोमिंगवर येणारे एसएमएस सहसा फुकट असतात. मात्र निघण्याआधी पॅकची मुदत परतीच्या तारखेपलीकडची हवी आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू केलेलं हवं. विमानात बसतानाच 'डेटा रोमिंग' बंद करा, नाहीतर रोमिंग पॅक नसताना पार्श्वभूमीत चाललेल्या ॲपचं बिल डोळे पांढरे करतं.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना

सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडची थकबाकी शून्य हवी. जुलै २०२४पासून आणखी एक अट आली आहे. सिम बदलून घेतलं असेल तर त्यानंतर ७ दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. फसवणूक करणाऱ्यांना अडवण्यासाठी हा नियम आहे, त्यामुळे सिम खराब झालंय म्हणून आधी बदलू नका, थेट पोर्टच करा.

इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. आठ अक्षरी कोड येतो. महाराष्ट्रात तो ४ दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा. तुमच्या पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा संदेश जाऊ द्यायला कंपनी बांधील आहे. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार सेवेच्या विभागात, ३ कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये ५. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणपर्यंतचा पट्टा हे एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. नागपूरचा नंबर पुण्यात पोर्ट करणं म्हणून सोपं, मुंबईत नेणं थोडं लांबचं. मन बदललं तर विनंतीपासून २४ तासांत इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर लिहून १९०० वरच पाठवता येतं.

बदलाच्या रात्री काही तास फोन मुका होतो. जुनं सिम रेंज सोडेपर्यंत काढू नका. नवं सिम चालू झालं की यूपीआय ॲप पुन्हा पडताळणी मागतात, तेव्हा वर सांगितलेले दहा रुपये कामी येतात. पोर्ट जुन्या पॅकच्या शेवटच्या आठवड्यात करा, म्हणजे बुडणारे दिवस कमी. आणि नव्या कंपनीत पहिला पॅक २८ दिवसांचाच घ्या, मोठा नंतर.

रिचार्ज न करता नंबर पडून राहू देणं सगळ्यात धोक्याचं. पॅक संपला की आउटगोइंग लगेच बंद होतं, काही दिवसांनी इनकमिंगही. वापर अजिबात नसताना ९० दिवस उलटले आणि खात्यात २० रुपयेही नसले, तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते. बंद झालेला नंबर पुढे ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार आणि गॅसच्या नोंदीत नवा नंबर घाला.

न मागितलेली एखादी सेवा चालू होऊन पैसे कापले गेले तर १५५२२३ वर फोन करून ती बंद करता येते. पॅकबद्दलची तक्रार १९८ वर करा आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, लिहून घ्या, त्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो.